गेटवर घेतलेलं जनमत

आकडा मी सांगणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. त्या आठवड्यात तो टीव्हीच्या पडद्यावर गोल गोल फिरून, लाल-पिवळा होऊन फुकटात भरपूर मिरवलाय. आता माझ्या लिहिण्यात त्याला जागा नाही. मोठा होता, एवढं पुरे.

झालं असं, की मी पोळ्या लाटत होते आणि आमचे हे नेहमीसारखे बातम्यांसमोर मांडी घालून बसले होते. यांना बातम्यांचं भारी वेड. कंपनीत मशीनं दुरुस्त करून यायचं, हात धुवायचे आणि रिमोट धरायचा. मराठी चॅनल, हिंदी चॅनल, गुजराती चॅनल, सगळी आलटून पालटून. त्यात कुठे सर्वे लागला की जेवणाचंही भान राहत नाही. इतक्या लोकांना असं वाटतं, तितक्यांना तसं वाटतं, हे ऐकून यांना काय मिळतं देव जाणे. मला स्वतःला काय वाटतं हे कळायलाच कधी कधी संध्याकाळ होते. तर त्या दिवशी हे एकदम ओरडले, अगं धाव, तुझी मैत्रीण टीव्हीवर!

मी पिठाच्या हातांनी तशीच धावले. खरंच तीच होती. आमच्या कंपनीचं गेट, तिच्या खांद्यावर डब्याची पिशवी, गळ्यात कंपनीचं कार्ड, आणि बाई कॅमेऱ्यात बघून हसतेय, मान हलवतेय. मी नुसत्या उड्याच मारायच्या बाकी ठेवल्या. दार उघडून शेजारच्या वहिनींना हाक मारली, वहिनींनी पलीकडच्या खोलीत हाक मारली, आणि बघता बघता आमच्या एवढ्याशा खोलीत अख्खी चाळ जमली.

मुंबई-पुण्याच्या माणसांना यातला आनंद कळायचा नाही. आमचं सिल्वासा कुठल्याच बातमीत नसतं. महाराष्ट्राच्या बातम्या तलासरीला संपतात, गुजरातच्या वापीला संपतात, आणि मध्ये आम्ही. निवडणुकीचे अंदाज येतात तेव्हा सगळा देश रंगवून दाखवतात आणि आम्ही कुठेतरी खाली 'इतर' मध्ये. हे तर दरवेळी 'इतर' आलं की मला बोलावून दाखवतात, बघ, आलो आपण. आता वापीपासून इथपर्यंत चालणारं का असेना, छोटं का असेना, पण चॅनलवर आमचं गेट दिसत होतं आणि त्या गेटवर माझी मैत्रीण होती. काय बोलतेय ते कोणी ऐकलंच नाही. गलका एवढा होता.

हे चॅनल तीच बातमी पुन्हा पुन्हा लावतं, म्हणून दुसऱ्या खेपेला सगळ्यांना गप्प बसवून ऐकलं. आणि ऐकता ऐकता मी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसले.

बातमी अशी होती. शहरातली गर्दी कमी करायची म्हणून खानवेलकडून येणाऱ्या बस गावातल्या स्टँडवर आणायच्याच नाहीत, बाहेरच्या नव्या थांब्यावर रिकाम्या करायच्या, असा विचार चालू आहे. चॅनलने त्यावर सर्वे केला, आणि जनतेने भरभरून हो म्हटलं. मग तो फिरणारा आकडा. आणि आकड्याच्या शेजारी जनता म्हणून माझी मैत्रीण, हसून म्हणतेय, हां जी, सब बराबर है.

अहो, ती त्याच बसने येते. खानवेलच्या पुढे जंगलात तिचा पाडा. अंधारात निघून रस्त्यापर्यंत चालत यायचं, पहिली बस धरायची, सिल्वासाच्या स्टँडवर उतरायचं, आणि समोरच आमच्या कंपनीची गाडी उभी असते तिच्यात चढायचं. ती गाडी कोणासाठी थांबत नाही. गाडी चुकली तर किलवणीच्या रस्त्यावर आमच्या गेटपर्यंत चालत पोचेपर्यंत गेट बंद झालेलं असतं, आणि गेट बंद म्हणजे त्या दिवशीचं काम गेलं. असं दोन-चारदा झालं की ती जागा दुसरीला देतात. बस बाहेर थांबली तर तिची नोकरी सरळ सरळ जाणार होती. आणि ही बया टीव्हीवर हसून त्याला हो म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीत तिची वाटच बघत होते. आम्ही परदेशी जाणाऱ्या मोठमोठ्या पिशव्या शिवतो. माणूस आत उभा राहील एवढ्या पिशव्या, त्यांत तिकडे धान्य नि काय काय भरतात. ती शिलाईवर आहे, मी चेकिंगवर. ती आली ती मान खाली घालून. चहाच्या सुट्टीत मी तिला कोपऱ्यात घेतलं, आणि खोटं कशाला सांगू, आधी भांडायलाच घेतलं होतं. पण तिचा चेहरा बघून माझा जोर गेला. ती बातमी मोबाइलवरून तिच्या पाड्यात तिच्या आधी पोचली होती. पाड्यातल्या कितीतरी बाया याच बसने वेगवेगळ्या कंपन्यांत येतात. सकाळी बसमध्ये तिच्याशी कोणी एक शब्द बोललं नव्हतं. फक्त एका वयस्क काकीने, जिने तिला पहिल्यांदा इथे कामाला आणलं होतं, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, की बस विकून काय मिळालं.

मी म्हटलं, पण तू हो म्हणालीसच का. तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच काहीतरी येड्यासारखं विचारलंय.

"बेन, तो ऑडिटवाला होता ना," ती म्हणाली. "ऑडिटवाल्याला दुसरं काय बोलतात?"

माय वं! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हातातला चहा सांडला, चटका बसला, तरी कळलं नाही.

आता हे ऑडिट म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या पिशव्या घेणारे परदेशातले बायर मधूनमधून आपली माणसं पाठवतात. कामगारांना नीट वागवतात का, हातमोजे देतात का, संडास साफ असतात का, हे ती माणसं आम्हालाच विचारतात. गोड बोलतात बिचारी. पण ती यायच्या आधी सुपरवायझर आमची तालीम घेतो. पाणी थंड आहे? हां जी. ओव्हरटाइम मर्जीने करता? हां जी. काही तक्रार? ना जी, सब बराबर है. आणि हसायचं. हसली नाही तर पुन्हा विचारणार. हातमोजे आदल्या दिवशी वाटतात नि नंतर गोळा करून घेतात, पण विचारलं की सब बराबर है. नवीन बाई कामाला लागली की मशीनमध्ये दोरा ओवायच्या आधी तिला हे शिकवतात. गळ्यात पट्टीचं कार्ड, हातात टॅब, पायात बंद बूट आणि तोंडावर गोड हसू, असा माणूस गेटवर दिसला की आमची माणसं आपोआप हसतात आणि मान हलवतात. यात कोणाला वाईटही वाटत नाही. मोठी ऑर्डर गेली तर काम जातं, हे सगळ्यांना माहीत असतं.

आणि तिने सांगितलं त्यावरून चॅनलचा सर्वेवाला नेमका त्याच अवतारात, नेमका सुटीच्या भोंग्याला, नेमका आमच्या गेटवर उभा राहिला होता.

मी त्या दिवशी कामात कमी आणि विचारपूस करण्यात जास्त होते. शिलाईवाल्या, कटिंगवाले, पॅकिंगवाले, ज्याला त्याला विचारत सुटले, परवा गेटवर टॅबवाला भेटला होता का, काय म्हणालास. सगळ्यांचं एकच. हां, भेटला होता की. सब बराबर है बोललो. कशाबद्दल विचारत होता? ते कोणाला सांगता येईना. एक जळगावकडचा म्हणाला, हातमोज्यांचंच असेल. दुसरा म्हणाला, कँटीनचं होतं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, जसं काही मी जमिनीतून हंडाच काढलाय. अख्ख्या जनतेचा कौल म्हणून टीव्हीवर नाचतोय तो आमच्या ऑडिटचा पाठ केलेला धडा होता!

घरी आल्या आल्या यांना सांगितलं. मला वाटलं, हे टाळी देतील. कसलं काय. हे म्हणाले, सर्वेला शास्त्र असतं, दोन-चार बायांनी चुकून हो म्हटलं म्हणून सर्वे खोटा होत नाही, तू एकटीच शहाणी का. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, शास्त्र असेल हो, मी कुठे नाही म्हणते. पण बायर येतो तेव्हा सुपरवायझर कुठल्या पिशव्या वर रचून ठेवतो ते मला विचारा, मी तिथे उभी असते. बायर वरच्या चार उचलतो, उलटून बघतो, खूश होऊन जातो. त्याचं मोजणं बरोबरच असतं. त्याला खालच्या पिशव्या दिसलेल्याच नसतात. आणि तुमच्या चॅनलने कोणाला विचारलं, कुठे उभं राहून विचारलं, काय विचारलं, यातलं एक अक्षर तरी सांगितलं का? नुसता आकडा फिरवला. यावर यांनी आवाज वाढवला. टीव्हीचा, स्वतःचा नाही.

मग मला दुसरा झटका आला. म्हटलं, मीच खरा सर्वे करते. संध्याकाळी चाळीत दारोदार फिरले. बसचं असं असं चाललंय, आमच्या कंपनीतल्या बायांचे हाल होतील, तर तुमचं काय म्हणणं? सगळ्यांचं म्हणणं माझंच म्हणणं निघालं. मी अशी फुगले की विचारू नका. शेवटच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, आत तिथले भाऊ बायकोला सांगत होते की बस गावाबाहेर गेलेली बरी, नाक्यावर श्वास घ्यायला जागा नाही. मी दारात उभी राहिले. त्यांनी मला पाहिलं आणि लगेच म्हणाले, ताई, तुमचं बरोबर आहे, बस गावातच पाहिजे. आता काय करायचं सांगा. मी काही गळ्यात कार्ड घालून गेले नव्हते, तरी माझं तोंड बघूनच लोकांनी उत्तर दिलं.

दोन दिवस असेच गेले. मैत्रीण रोज येत होती नि दिवसेंदिवस आक्रसत चालली होती. बसमधला अबोला तसाच होता. आणि मग एका दुपारी, शिफ्ट सुटताना, गेटसमोरच्या चहाच्या टपरीपाशी तोच सर्वेवाला, मैत्रिणीने सांगितला तस्साच! तेच कार्ड, तोच टॅब, तेच बंद बूट. मी ओढणी कमरेला बांधली आणि तरातरा गेले. काय काय सुनवायचं ते मनात तयार होतं. त्याला वाटलं मी उत्तर द्यायलाच येतेय. त्याने गोड हसून टॅब वर धरला आणि हिंदीत विचारलं, पाण्याच्या पुरवठ्याबद्दल आपण समाधानी आहात का?

आमच्या चाळीत पाणी एक दिवसाआड येतं, तेही गढूळ. आणि मी, जी भांडायला गेले होते ती मी, ताठ उभी राहिले, हसले, आणि माझ्या तोंडातून बाहेर पडलं, "हां जी, सब बराबर है."

त्याने बोटाने टॅबवर टिक पण मारली.

मला आधी कळलंच नाही काय झालं. कळलं तेव्हा मी तिथेच टपरीच्या बाकड्यावर बसकण मारली आणि पोट धरून हसत सुटले. तो बिचारा घाबरला. टपरीवाल्याने पाणी दिलं. हसणं थांबल्यावर मी त्याला सगळं सांगितलं, ऑडिट, तालीम, हातमोजे, मैत्रीण, बस. तो तिशीतला गडी होता, तोही बाहेरूनच आलेला, नाशिककडचा. त्याचा चेहरा पडला. म्हणाला, या भागातल्या गेटांवर माझं काम लवकर उरकतं, कोणी नाही म्हणत नाही, कोणी वाद घालत नाही, मला वाटायचं इकडची माणसंच फार समाधानी आहेत. पण सगळ्यांचं उत्तर इतकं एकसारखं कसं, हे त्यालाही खटकलं होतं. त्याने वर पाठवताना लिहिलं होतं म्हणे, की माणसं फक्त कारखान्याच्या गेटवरची आहेत आणि बसने येणारी किती ते विचारलेलं नाही. ते कोणी वाचलं की नाही माहीत नाही. टीव्हीवर तर आलं नाही.

मी त्याला म्हटलं, बसचा प्रश्न काय होता तो मला वाचून दाखव. त्याने टॅबवर शोधून वाचला. शहरातली गर्दी कमी करण्यासाठी बससेवेत होणाऱ्या सुधारणेला आपला पाठिंबा आहे का. एवढंच. थांबा नाही, स्टँड नाही, खानवेल नाही. सुधारणेला कोण नाही म्हणेल? मीही म्हटलं असतं हो. तालमीशिवाय म्हटलं असतं. आणि चॅनलवर मात्र त्याचं झालं होतं, बस बाहेर न्यायला जनतेचा कौल. मी रागाने लालबुंद झाले, आणि खरं सांगते, मला त्या रागाची मजाही येत होती. इतकी वर्षं यांच्या शेजारी बसून मी हे असले आकडे गिळले होते, आणि आज पहिल्यांदा एका आकड्याच्या पोटात हात घालून बघितलं होतं.

तोच जाता जाता म्हणाला, की बसच्या प्रश्नावर पुढच्या आठवड्यात सरकारी कचेरीत लोकांचं म्हणणं ऐकून घेणार आहेत, आणि त्या कागदांत चॅनलची ही बातमीही जोडली आहे, फोटोसकट. मैत्रिणीच्या फोटोसकट. म्हणजे तिथे तिनेच उभं राहून सांगितल्याशिवाय उपाय नव्हता. दुसरं कोणी किती का ओरडेना, फोटो तिचा होता.

तिला सांगितलं. ती म्हणाली, सांगते ना, त्यात काय. मी म्हटलं, थांब, आधी बघू. मी माझं कार्ड नीट छातीवर आणलं, चेकिंगची फळी टॅबसारखी हातात धरली, गोड हसले आणि विचारलं, बस गावाबाहेर थांबली तर चालेल का? आणि बाई हसून म्हणाली, हां जी. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. पुन्हा विचारलं. पुन्हा हां जी. ती स्वतःच्याच तोंडावर हात मारून घ्यायला लागली.

मग रविवारी मी तिला घरी बोलावलं आणि यांना साहेब बनवलं. यांना मी सर्वेवाल्याचं सगळं सांगितलं होतं, तो प्रश्न शब्दशः सांगितला होता, तेव्हापासून हे जरा नरमले होते. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, गळ्यात कार्ड अडकवलं, खुर्चीत बसले. चाळ जमलीच. हे विचारायचे आणि ती हो म्हणायची. हळू विचारलं, हो. दरडावून विचारलं, तर आणखी लवकर हो. शेवटी हे वैतागून म्हणाले, आपल्याला दोन शेपट्या आहेत, हे खरं आहे का? ती म्हणाली, हां जी, साहेब. चाळीत असा काही हशा पिकला की वरच्या मजल्यावरचे लोक खाली वाकून बघायला लागले. तीही हसत होती, ओढणी तोंडात कोंबून हसत होती, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले.

"बेन, माझ्या तोंडातून निघतच नाही," ती म्हणाली. "तिथे पण असंच झालं तर पाड्यात मी कोणाला तोंड दाखवू?"

यांनी कार्ड काढून बाजूला ठेवलं. मला तर इतकं वाईट वाटलं की मी उठून चहाच टाकला. आणि त्या दिवशी यांनी रात्रीपर्यंत टीव्ही लावला नाही, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते, कारण आमच्या लग्नात असं क्वचितच झालंय.

सुनावणीच्या दिवशी आम्ही पहिली शिफ्ट करून थेट कचेरीत गेलो. हॉल भरलेला. दुकानदार होते, रिक्षावाले होते, नाक्यावर राहणारे होते, आणि एका बाजूला भिंतीला लागून तिच्या पाड्यातल्या बाया, त्या काकीसकट. आमच्याकडे कोणी बघितलं नाही. नाक्यावरच्या लोकांनीही आपलं म्हणणं मांडलं, आणि खोटं नव्हतं ते, शाळेत जाणारी पोरं बसच्या चाकाखाली यायची बाकी आहेत असं एक जण म्हणाला. साहेब ऐकून घेत होते. चांगला माणूस वाटला. पण गळ्यात पट्टीचं कार्ड, समोर टॅब, आणि तोंडावर गोड हसू. मी मनात म्हटलं, मेलो.

तिची पाळी आली. साहेबांनी कागद चाळले, एक वर काढला आणि तिच्याकडे वळवून धरला. तिचाच हसरा फोटो. या आपणच ना, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, हां जी. आवाज बारीक झाला होता. साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, की इथे तर आपण पाठिंबा दिलाय, मग बस बाहेर थांबवली तर आपली हरकत नाही असं समजायचं ना?

तिने मान हलवायला सुरुवात केली. मी बघितलं, अगदी सुरुवात केली होती. मग तिने माझ्याकडे वळून बघितलं. माझ्या ओठांवर 'नाही' येऊन थांबलं होतं. नुसते ओठ हलवले असते तरी तिने ते उचललं असतं. पण चाळीतले ते भाऊ आठवले, मी दारात दिसल्याबरोबर ज्यांचं मत फिरलं होतं, आणि मी तोंड घट्ट मिटून खाली बघितलं. इतकं कठीण काम मी आयुष्यात केलं नसेल. माझं बोलणं थांबवणं म्हणजे काय ते यांना विचारा.

साहेब थांबले होते.

"नाही," ती म्हणाली.

हसली नव्हती. साहेबांनी विचारलं, काय म्हणालात?

"नाही, साहेब. चालणार नाही. बस बाहेर थांबली तर कंपनीची गाडी जाते. गाडी गेली तर गेट बंद. गेट बंद झालं तर माझं काम जाईल. आम्हा सगळ्यांचं जाईल." तिने भिंतीकडे हात केला. "नाही म्हणून लिहा."

आणि काय सांगू, एकदा तोंड उघडल्यावर बाई थांबेचना! पहिली बस कधी येते, कंपनीची गाडी कुठे उभी असते, बाहेरच्या थांब्यावरून पुढे यायला सकाळी एकही वाहन कसं नसतं, पावसात काय होतं, सगळं घडाघडा. भिंतीपाशी बसलेल्या बाया उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनीही आपापल्या कंपन्यांच्या गाड्यांचं सांगायला सुरुवात केली. एकच कल्ला. मी टाळ्या वाजवत होते, हे मला एका शिपायाने येऊन गप्प केलं तेव्हा कळलं. साहेबांनी हसणं बाजूला ठेवलं आणि लिहून घ्यायला घेतलं. फोटोचा तो कागद त्यांनी बाजूला सरकवला, त्याच्यावर मग कोणाची तरी चहाची कपबशी आली.

शेवटी त्यांनी सांगितलं, की सकाळच्या पाळीच्या बस आहेत तशाच गावातल्या स्टँडपर्यंत येतील, आणि बाकीच्या वेळचं पुढे ठरेल. नाक्यावरच्या लोकांनाही ते पटण्यासारखं होतं, सकाळी एवढ्या लवकर तिथे गर्दी कुठली असायला. आम्ही बाहेर आलो त्या जवळजवळ नाचतच. हे बाहेर उभे होते, यांनी लांबूनच हात वर करून विचारलं आणि मी लांबूनच मान हलवली. चॅनलचं कोणी आलं नव्हतं, आणि संध्याकाळच्या बातम्यांत यातलं काहीही दिसणार नव्हतं, पण त्या वेळी त्याची आठवणही कोणाला झाली नाही.

परतीच्या बसला वेळ होता. मैत्रीण पायरीवर बसून घाम पुसत होती. पाड्यातल्या बाया पुढे झाल्या आणि तिच्या आजूबाजूला पायरीवर टेकल्या. मग ती काकी आली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि रागावूनच बोलली, पण मागे बसमध्ये बोलली होती तसं नाही, घरच्या माणसासारखं.

"एवढं तोंड आहे तुला, मग त्या दिवशी टीव्हीवाल्यांनी विचारलं तेव्हा कुठे गेलं होतं?"

मैत्रिणीने वर बघितलं.

"विचारलं कधी, काकी?" ती म्हणाली. "मला वाटलं, तपासायला आलेत."